पंच्याण्णव डॉलरचा बाप

आमच्या वरठीचं नाव तुम्ही ऐकलेलं नसणार, आणि त्यात तुमचा काही दोष नाही. हावड्याहून नागपूरमार्गे मुंबईला जाताना तुम्ही वरठीवरूनच गेला असाल. कदाचित आमच्या फलाटावर उतरून नळाचं पाणीही प्यायला असाल. पण तिथल्या पिवळ्या पाटीवर 'भंडारा रोड' असं वाचून हेच भंडारा, अशी तुम्ही समजूत करून घेतली असणार. वास्तविक भंडारा तिथून दहाएक किलोमीटर आत. जमीन वरठीची, धूळ वरठीची, इंजिनाच्या शिट्टीनं रात्री झोप मोडते तीही वरठीकरांची. नाव मात्र भंडाऱ्याचं. मी या स्टेशनात तिकिटाच्या खिडकीमागे बरीच वर्षं काढली. हजारो लोकांना 'भंडारा रोड' छापलेली तिकिटं दिली, 'वरठी' छापलेलं एकही नाही. त्यामुळे काम एकाचं आणि नाव दुसऱ्याचं, या विषयावर बोलण्याचा मला थोडासा अधिकार आहे असं मी धरून चालतो.

हे स्टेशनपुराण लावण्याचं कारण एक सांड आहे. पुस्तकी मराठीत त्याला वळू म्हणतात. पण आमच्याकडे 'वळू' अशी हाक मारली तर जनावर मागे वळूनसुद्धा पाहणार नाही.

धान कापून, मळून घरात आलं की आमच्या झाडीपट्टीतल्या माणसांना दोन वेडं लागतात : एक नाटकाचं आणि दुसरं शंकरपटाचं. शंकरपटाला आम्ही नुसतं 'पट' म्हणतो. रिकाम्या शेतातून दोन सरळ वाटा तयार करायच्या. प्रत्येक वाटेवर एक जोडी. जोडी जुंपलेली असते ती हलक्या छकड्याला. त्या छकड्यावर बूड टेकायलाही धड जागा नसते, आणि तरी तिथे एक माणूस कासरा धरून स्वार झालेला असतो. तो धुरकरी. पूर्वी कोण पुढे हे डोळ्यांनी ठरायचं, म्हणजे खरं तर ज्याचे नातेवाईक जास्त त्याच्या डोळ्यांनी. आता सेकंदाचे तुकडे मोजणारं घड्याळ लावतात, त्यामुळे भांडणाची मजा गेली. पट असला की लेकी माहेरी येतात, सोयरे मुक्कामाला येतात, दिवसा बैल धावतात, रात्री उजाडेपर्यंत नाटक, आणि या दोहोंच्या मधल्या वेळात लग्नं जुळतात. मुलगी पाहायला आलेला पोरगा आधी तिच्या बापाचे बैल पाहतो, असं आमच्याकडे म्हणतात. मी स्वतः मुलगीच पाहिली होती. पण माझ्या वडिलांनी बैल पाहून होकार दिला होता, हे मला लग्नानंतर कळलं.

आमचे वडील धुरकरी होते. नुसते नव्हे, नावाजलेले. मोहाडी तालुक्यात त्यांच्या नावावर चहा मिळायचा. माझं बालपण 'त्या धुरकऱ्याचा धाकटा' या एकाच ओळखीवर गेलं, आणि ती ओळख फारशी वाईट नव्हती; आठवडी बाजारात बोरं फुकट मिळत. पुढे १९६८ साली, म्हणजे मी अठरा वर्षांचा असताना, वडिलांनी मला एका पटात छकड्यावर चढवलं. शेपट्या सुटल्या, धूळ उडाली, लोक ओरडले, आणि अर्ध्या वाटेवर बैल पुढे गेले नि मी मागे राहिलो. जोडी पहिली आली. धुरकरी धुळीत बसून होता. लोक हसत होते. वडील माझ्यापर्यंत चालत आले, मला उठवलं, माझे कपडे झटकले आणि भोवतालच्या मंडळींना अगदी शांतपणे म्हणाले, "हा माझा धाकटा. हा शिकून राहिला."

ते खोटं नव्हतं. मी मॅट्रिक होऊन पुढे शिकतच होतो. पण त्या दिवशी त्या वाक्याचा जो अर्थ होता, तो मी पुढे तिकिटाच्या खिडकीमागे बसून रोज चघळला.

वडिलांची गादी आमच्या दादानं चालवली. दादा माझ्याहून पाच वर्षांनी थोरला. सात एकर धानाची जमीन, दोन म्हशी, आणि गोठ्यात कायम एक पटाचा उमेदवार. आमच्या भागात गवळाऊ जातीच्या जनावरांना फार मान. ही जात मूळची वर्ध्याकडची. पांढरीशुभ्र, अंगानं सडपातळ, पायानं चपळ. मराठ्यांच्या फौजा डोंगराळ मुलखातून वेगानं सामान न्यायच्या त्या या बैलांवर, असं सांगतात. दादानं आर्वीकडून एक गवळाऊ गाय आणली होती. तिला २०१० साली गोऱ्हा झाला. चंद्रासारखा पांढरा, कान ताठ, डोळ्यांत काजळ. दादानं त्याचं नाव पाखऱ्या ठेवलं. बाप कोण याचा पत्ता नव्हता. गाय आणली तेव्हाच ती गाभण होती. दादा म्हणायचा, "बापाचं कोन पुसते? धावला का झालं."

२०१४ च्या जानेवारीत चार दाती पाखऱ्या पहिल्यांदा पटात उतरला. जोडीला शेजारच्या गावचा एक अनुभवी बैल घेतला होता. दादाच्या डोक्याला फेटा, माझ्या हातात नारळ. झेंडी पडली. पाखऱ्या सुटला तो असा की मला वडील आठवले. शंभर पावलं तो जमिनीला पाय न लावता गेला, हे मी शपथेवर सांगतो. मग वाटेच्या कडेला एका माणसानं चिवड्याचं दुकान मांडलं होतं, ते त्याला दिसलं.

तो थांबला नाही. थांबला असता तर एक वेळ चाललं असतं. तो वळला. जोडीदार बैलाला, छकड्याला आणि धुरकऱ्याला बरोबर घेऊन तो दोर ओलांडून सरळ दुकानात गेला आणि त्यानं परातीत तोंड घातलं. प्रेक्षकांत जो हशा उठला, तो मी सेहेचाळीस वर्षांनी पुन्हा ऐकत होतो. तोच आवाज, तोच सूर. चिवडेवाला "तीनशेचा माल गेला जी!" म्हणून ओरडत होता. त्याच्याकडे लक्ष द्यायला कोणालाच वेळ नव्हता. दादानं पाखऱ्याला सोडवलं, फेटा काढून काखेत मारला आणि मान खाली घालून आम्ही घरी आलो.

त्या रात्री जेवताना दादा एकच वाक्य बोलला. "सोमवारी डॉक्टरले बोलावतो. चिमटा लावून टाकू. नांगराले जुंपू."

चिमटा लावणं म्हणजे काय हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवं, आणि ते जेवणाच्या वेळी वाचू नये. गोऱ्ह्याचा बैल करण्याचं ते हत्यार आहे. पूर्वी हे काम दोन लाकडांत धरून बडवून करीत. त्याचा आवाज मी लहानपणी ऐकलेला आहे आणि त्याबद्दल यापुढे लिहिणार नाही. चिमट्यानं रक्त येत नाही, जखम होत नाही; नस आतल्या आत तुटते. जनावर शांत होतं, नांगराला चालतं आणि त्याचा वंश तिथे संपतो.

रविवारी रात्री पुतणीचा फोन आला. दादाला ही एकच मुलगी. तिनं नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेतली आणि नवऱ्याच्या नोकरीमुळे ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडला गेली. तिकडे आमच्याकडच्यासारखीच जनावरांची माणसं, फरक इतकाच की आमच्याकडे सात एकरांत दोन म्हशी आणि त्यांच्याकडे एकेका गोठ्याचं नाव सांगायला नकाशा लागतो. दर रविवारी ती बापाशी अर्धा तास बोलते. त्यातली वीस मिनिटं म्हशींची असतात.

दादानं तिला पटाची हकीकत सांगितली. मला वाटलं ती हसेल. ती म्हणाली, "बाबा, चिमटा लावू नका. काकाला फोन द्या."

मग तिनं मला जे सांगितलं ते मी वहीच्या पाठीमागे लिहून घेतलं. तिच्याकडेही एक पट असतो. त्याला कॅम्पड्राफ्ट म्हणतात, आणि १८८५ साली टेंटरफिल्ड नावाच्या गावच्या जत्रेत त्याची पहिली स्पर्धा झाली होती. त्यात गाडी नाही, बैलही नाही, घोडा आहे. कुंपणातल्या सात-आठ गुरांतून स्वारानं एक गुरू निवडायचं, घोड्यानं ते कळपातून वेगळं काढायचं, परत कळपात घुसू द्यायचं नाही, मग फाटक उघडून बाहेर मोकळ्या मैदानावर खुंट्यांना वळसे घालत ते पळवायचं. शंभर गुण. वेगळं काढण्याला सव्वीस, घोड्याच्या कामाला सत्तर आणि खुंट्या पार केल्याबद्दल चार. गुरू हातचं सुटलं की परीक्षक चाबूक कडाडतो, नापास. मला ही पद्धत फार आवडली. घोड्याला सत्तर आणि वाटेला चार! आमच्याकडे सगळे गुण वाटेलाच.

"अमेरिकेत याचीच एक बहीण आहे," ती म्हणाली. "कटिंग. तिथं अडीच मिनिटं मिळतात. गुरू वेगळं काढलं की स्वारानं लगाम सैल सोडायचा. पुढचं घोडा स्वतः करतो. गुरू डावीकडे गेलं की डावीकडे, उजवीकडे गेलं की उजवीकडे. समोरासमोर. स्वारानं फक्त पडायचं नाही."

इथे मला १९६८ साल आठवलं, पण मी काही बोललो नाही.

"आता ऐका," ती म्हणाली. "या कटिंगच्या घोड्यांचा एक मोठा बाप होऊन गेला. डॉक बार. १९५६ चा जन्म. शर्यतीसाठी वाढवला होता. चार शर्यती धावला. सगळ्या मिळून कमाई किती झाली माहीत आहे? पंच्याण्णव डॉलर."

दादा शेजारी कान लावून बसला होता. तो म्हणाला, "म्हंजे किती?"

तिकिटाच्या खिडकीवरचा हिशोब अजून डोक्यात आहे. मी म्हटलं, "आजच्या भावानं सहाएक हजार रुपये."

"आपल्यानं तेवढेबी नाही कमावले," दादा म्हणाला. "उलट तीनशेचा चिवडा खाल्ला."

पुढची हकीकत अशी. शर्यतीत नापास झालेला हा डॉक बार दिसायला मात्र देखणा होता, म्हणून त्याला प्रदर्शनात उभा करू लागले. आपल्याकडे पुरुषाची जात धंद्यात बुडाली की पुढारी होते, तसंच थोडंफार. तिथे त्याला बक्षिसं मिळाली. कटिंगच्या मैदानात तो स्वतः कधी उतरलाच नाही. पण त्याची पोरं उतरली. १९७० साली त्याच्या मुलानं, डॉक ओलेनानं, तीन वर्षांच्या घोड्यांची सर्वांत मोठी कटिंग स्पर्धा जिंकली. दुसऱ्या वर्षी सख्ख्या धाकट्या भावानं, ड्राय डॉकनं, तीच जिंकली. १९८२ साली डॉक ओलेनाच्या पोरानं, स्मार्ट लिटल लेनानं, तीच जिंकली. त्यानंतर कटिंगच्या घोड्याची वंशावळ उघडली की कुठेतरी वरच्या फांदीवर हा पंच्याण्णव डॉलरचा बाप बसलेला सापडू लागला. १९९२ साली तो मेला तेव्हा त्याच्या त्या चार शर्यतींची आठवण फक्त गंमत म्हणून काढली जात होती.

मी फोन ठेवला आणि दादासमोर भाषण केलं. आयुष्यात मी इतकं चांगलं कधीच बोललो नव्हतो. मी म्हटलं, दादा, बाप पास आहे की नापास हे बापाच्या धावण्यावरून ठरत नाही. पोरं धावेपर्यंत थांबावं लागतं. पाखऱ्यानं शंभर पावलं कशी टाकली ते तू पाहिलंस. ती शंभर पावलं त्याच्या रक्तातली आहेत. चिवडा काय, चिवडा हा संगतीचा परिणाम आहे.

दादा बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिला. मी कोणाची वकिली करतो आहे हे त्याला कळलं असावं. छकड्यावरून मी पडलो त्या दिवशी तोही तिथे होता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून वहिनी बाहेर आल्या. त्या बहुधा सगळं ऐकत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, त्या दोन पोरांची माय कोन होती?"

हे मला माहीत नव्हतं. पुन्हा फोन लावला. पलीकडून पुतणी हसायलाच लागली. माय होती पोको लेना. कटिंगच्या मैदानातली आपल्या काळातली अतिशय नावाजलेली घोडी. तिला आयुष्यात दोनच शिंगरं झाली आणि ती ही दोघं.

"म्हंजे," वहिनी म्हणाल्या, "सारं मायनं केलं, आणि पुस्तकात नाव त्या बसल्या बापाचं." आणि पदर खोचून त्या आत गेल्या. माझ्या भाषणाची हवा जी गेली ती गेली. पण त्या रात्री पाखऱ्या वाचला. वहिनींचा मुद्दा मान्य करायचा तरी त्याची आई आमच्याच गोठ्यात होती.

सोमवारी डॉक्टर आले, चहा प्यायले, आणि चिमटा पिशवीतून न काढता परत गेले.

त्यानंतर मी दोनशे पानी वही विकत घेतली. पुण्याला शर्यतीच्या घोड्यांची वंशावळ ठेवणारी मोठी कचेरी आहे; तिथल्या साहेबांसारखा मी वरठीचा साहेब झालो. रकाने आखले : अनुक्रम, तारीख, बापाचं नाव, गायीच्या मालकाचं गाव, वासरू नर की मादी, रंग, शेरा. वहिनींनी वही पाहिली आणि विचारलं, "गायचं नाव कुठी हाये?" मी रकाने खोडले आणि आईचं नाव पहिलं घातलं. सरकारला हीच गोष्ट सुचायला २०२४ साल उजाडलं. माणसांच्या कागदपत्रांवर आईचं नाव तेव्हा सक्तीचं झालं. आमच्या वरठीच्या गुरांचं दहा वर्षं आधीच झालं होतं.

पाखऱ्याचा सांड झाल्यावर गावाचं काय झालं हा एक स्वतंत्र ग्रंथ आहे. सांडाला बांधून ठेवायचं नसतं असं दादाचं मत. सांडाचंही तेच मत होतं. सकाळी तो स्टेशनाकडे जाई, फलाटाच्या टोकाला उभा राहून गाड्या पाही. दुपारी लोकांच्या वाड्यांतली वांगी, संध्याकाळी बाजारातला पालक. तक्रारी माझ्याकडे येत, कारण वही माझ्याकडे होती. एकानं तर वांग्यांचं बिलच वहीत 'शेरा' या रकान्यात लिहून दिलं. गावातली पोरं मला 'सांडाचे साहेब' म्हणू लागली. धुरकऱ्याचा धाकटा, मग बुकिंगवाले, आणि आता हे. म्हातारपणी बढती मिळाली म्हणायची.

गाई मात्र फारशा आल्या नाहीत. गावोगावी सरकारी सुई पोहोचलेली होती. उणे एकशे शहाण्णव अंशांच्या नायट्रोजनमध्ये बुडवलेली बारीक कांडी घेऊन डॉक्टर मोटारसायकलवरून येतात. तिच्यातला बाप कुठल्यातरी लांबच्या केंद्रावर उभा असतो, आणि होणारी कालवड बादलीभर दूध देते. त्यापुढे आमच्या पाखऱ्याची जाहिरात काय करणार? 'शंभर पावलं उत्तम, पुढे चिवडा'? तरीही ज्यांना पटाची हौस होती ते आपल्या गवळाऊ गाई घेऊन येत. दादा पैसे घेत नसे. गायीचे नऊ महिने मी वहीत मोजत असे.

आणि इकडे पटच बंद पडला. २०११ च्या जुलैत केंद्र सरकारनं अस्वल, माकड, वाघ, बिबट्या आणि सिंह यांच्या यादीत सांडाचं नाव घातलं होतं. या प्राण्यांचे खेळ करायला बंदी. आपल्या गोठ्यातलं जनावर एकदम सिंहाच्या पंक्तीला बसलं म्हणून दादाला आधी थोडा अभिमानच वाटला होता. मग काही दिवस बंदी, काही दिवस सूट असं चाललं, आणि ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं शर्यती साफ बंद केल्या. मी कोर्टाला नावं ठेवणार नाही. वडिलांच्या तुतारीच्या टोकाला खिळा होता आणि तो कशासाठी होता हे मी लहानपणी विचारलं नव्हतं. मोठेपणी विचारायची गरज नव्हती. पण आमची पंचाईत वेगळीच झाली. पाखऱ्याची पहिली पोरं २०१५ साली जन्मली, चार दाती झाली, तगडी झाली, आणि त्यांना धावायला वाटच नव्हती. वहीतला शेरा रिकामा. पुढे करोनाच्या साली दहावीची परीक्षा रद्द झाली तेव्हा निदान सगळी पोरं पास तरी झाली. आमची पोरं ना पास ना नापास. नांगराला जुंपली गेली, बाजारात विकली गेली, काही ट्रॅक्टरमुळे गोठ्यातूनच गेली. बापाची परीक्षा पोरांच्या पेपरावर, आणि पेपरच निघत नव्हता.

दादा दरवर्षी जानेवारीत विचारायचा, "या वर्साले होईल का जी कोर्टात?" तो मला 'जी' म्हणायला लागला म्हणजे तो फार हळवा झालेला असे. मी रेल्वेत होतो म्हणून मला दिल्लीतलं सगळं माहीत असतं अशी त्याची समजूत. २०१७ साली राज्यानं कायदा बदलला तेव्हा आम्ही पेढे वाटले. मग तोही कायदा कोर्टात अडकला. पेढे परत मागता येत नाहीत.

पाखऱ्या २०२० च्या पावसाळ्यात गेला. टाळेबंदी होती. गाड्या बंद, स्टेशन रिकामं. शेवटचे काही दिवस तो फलाटाच्या टोकाला जाऊन उभा राही आणि एकही गाडी येत नसे. आम्ही त्याला बांधावरच्या आंब्याखाली पुरला. दादानं वही मागितली, उघडली आणि पाहिली. सत्तावीस नोंदी. सत्तावीस शेरे रिकामे. "तुह्या त्या घोड्याचे किती होते?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "फार होते." वही मिटून त्यानं माझ्याकडे दिली आणि म्हणाला, "तू फेकू नोको."

१६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानं महाराष्ट्रातल्या शर्यतींना परवानगी दिली. (पुढे १८ मे २०२३ रोजी पाच न्यायाधीशांनी कायदाच ग्राह्य धरला.) आता काठी, चाबूक, खिळा काहीच चालत नाही. बैल आधी डॉक्टर तपासतात. छकडा मात्र तोच आणि धुळीचा वास तोच. २०२३ च्या थंडीत, जिथे पाखऱ्यानं चिवडा खाल्ला होता त्याच गावी पुन्हा पट भरला. दादा अठ्ठ्याहत्तरचा. गुडघे गेलेले. तरी फेटा बांधला. मी वही पिशवीत घालून घेतली. कशासाठी ते विचारू नका. वहिनी म्हणाल्या, "म्याबी येतो." त्या कधी पटाला येत नसत.

दुपारी क गटात एक पांढरी जोडी आली. उजवीकडच्या बैलाकडे पाहून दादानं माझं मनगट धरलं. कान ताठ, डोळ्यांत काजळ. मालकाला विचारलं; गाय अमुक गावची, इतकी इतकी वर्षं झाली. मी पिशवीतून वही काढली. नोंद सतरावी. आईचं नाव चांदणी. नर. पांढरा.

झेंडी पडली. मी डोळे मिटले. अठरा वर्षांच्या वयापासून झेंडी पडताना माझे डोळे मिटतात. दादाचा हात माझ्या मनगटावर आवळत गेला, आवळत गेला, आणि एकदम सुटला. लोक ओरडत होते, पण हसत नव्हते. डोळे उघडले तेव्हा जोडी शेवटची रेघ ओलांडून गेली होती. गटात तिसरी. इनाम फार नव्हतं. पण सरळ धावली, पहिल्या पावलापासून शेवटपर्यंत सरळ धावली. दादा नुसता उभा होता. फेटा सुटून खांद्यावर आला होता आणि त्याला पत्ता नव्हता.

"लिही," तो म्हणाला.

मी शेरा या रकान्यात पेन टेकवलं, तोच पलीकडे आरडाओरडा झाला. रेघ ओलांडल्यावर जोडीचा वेग कमी झाला होता, आणि उजवीकडचा बैल जोडीदाराला घेऊन शांतपणे वाटेबाहेर निघाला होता. पुढे चिवड्याचं दुकान होतं.

वहिनींना हसू आवरेना. "आता लिवा बापाचं नाव," त्या म्हणाल्या. "आता पक्कं झालं."

आम्ही तिकडे पोहोचेपर्यंत परात अर्धी झाली होती. चिवडेवाल्याचे केस पांढरे झाले होते, पण माणूस तोच होता. त्यानं आधी बैलाकडे पाहिलं, मग दादाकडे, मग माझ्या हातातल्या वहीकडे.

"याचे पाचशे होते जी," तो म्हणाला. "आन् मागचे तीनशे."